उलट्या पोत्यांतला तांदूळ

सिस्टर मिलवाल्या सेठनं दान दिलेला तांदूळ घेत, पण पोती उलटी करून घेत. प्लास्टिकच्या पांढऱ्या पोत्यांवर सेठच्या मिलचं नाव लाल अक्षरांत छापलेलं असे आणि खाली हात जोडलेला त्याचा फोटो. ट्रक आमच्या गोदामापाशी लागला की सिस्टर हमालांना म्हणायच्या, "कट्टे उलटे करा." आमच्याकडे पोत्याला कट्टा म्हणतात. मग प्रत्येक पोतं ताडपत्रीवर रितं करायचं, आतली बाजू बाहेर काढायची, पुन्हा भरायचं, दाभणानं शिवायचं. हे काम त्या पावसाळ्याआधीच उरकून घेत, म्हणजे पूर आल्यावर कोणी ताटकळत नसे. हमाल तरीही वैतागत. मीही एकदा म्हणालो, "सिस्टर, उपाशी माणूस पोत्यावरचं नाव वाचत बसतो का?"

"तांदूळ खाऊ दे लोकायले," त्या म्हणाल्या. "त्याचं नाव मी कोनाच्या घरात जाऊ देत नाही."

मी लुथरन मिशनच्या एका मदतसंस्थेत गाडी चालवायचो. आमचं घर पोवारांचं, धानाची शेती, घरात रोजचा दिवा-अगरबत्ती. पण मिशनच्या नोकरीत कोणी माझा देव विचारला नाही. सिस्टर तिथल्या मदतकामाच्या प्रमुख होत्या. मूळ सालेकशाकडच्या, आजोबांच्या वेळेपासून लुथरन. मिशनच्या दवाखान्यात नर्स झाल्या म्हणून सिस्टर. खरं नाव मला पुष्कळ दिवस माहीतही नव्हतं. बुटक्या, रुंद हातांच्या, साडी घोट्याच्या वर खोचलेली. पूर असो, आगीत जळालेली वस्ती असो, त्या पोहोचल्या की पहिल्यांदा चूल कुठे मांडायची ते बघत. रडणं-सांत्वन नंतर. "रडाले बी ताकद लागते," असं म्हणत.

सेठवरच्या रागाचं कारण आमच्या पंचक्रोशीत सगळ्यांना ठाऊक होतं आणि कोणी बोलत नव्हतं. सिस्टर लग्न होऊन आमच्या शेजारच्या गावात आल्या होत्या. मुलगी नुकती चालायला लागली होती, रूथ तिचं नाव. त्या वर्षी बाघ नदीचं पाणी गावात शिरलं. माणसं उंचावर पळाली, आणि उंचावर एकच मोठी इमारत होती, सेठची राइस मिल. भलेमोठे पत्र्याचे शेड. गेट आतून बंद. लोकांनी हाका मारल्या, गेट बडवलं. सेठ वरच्या मजल्यावरच्या ऑफिसच्या खिडकीत उभा होता, सगळ्यांनी त्याला पाहिलं. थोड्या वेळानं चौकीदार गेटच्या फटीतून म्हणाला, "मालक म्हणतात, गर्दी आत आली तर धान भिजल." दिवसभर आणि पुढची सकाळ होईपर्यंत गावातली माणसं भिंतीला टेकून पावसात उभी होती. रूथला ताप चढला. होडी आली तेव्हा ती सिस्टरच्या खांद्यावर गार पडलेली होती. नर्सच्या खांद्यावर. हे वाक्य त्यांनी स्वतः एकदाच माझ्याजवळ म्हटलं, पुन्हा कधी नाही.

नंतर काय झालं? काही नाही. सगळ्यांचं धान सेठच विकत घ्यायचा. आमच्या बाबांचंही. लोक म्हणाले, देवाची मर्जी. सिस्टरचा नवरा नागपूरला गेला तो परतला नाही. सिस्टर मदतसंस्थेत लागल्या. सेठ मोठा झाला, शाळांना पंखे देऊ लागला, देवळांना फरशी. त्याचा कुठेही सत्कार असला की सिस्टर जात. पहिल्या रांगेत बसत आणि हार घातला जाताना, टाळ्या वाजताना, मांडीवर हात ठेवून त्याच्याकडे बघत. तो भाषणात अडखळायचा. मी एकदा विचारलं, "कायले जाता सिस्टर तिथं?"

"तो मले विसरू नये म्हणून."

पाळकसाहेब त्यांना समजवायचे. भला माणूस, चर्चमध्ये क्षमेवर फार सुंदर बोलायचे, आणि तसं बोलताना त्यांची नजर सिस्टरकडे वळायची. एकदा सिस्टर त्यांना उपासनेनंतर व्हरांड्यातच म्हणाल्या, "पाळकसाहेब, त्यानं अजून मागितली नाही. न मागितलेलं कसं देऊ?"  पाळकसाहेबांनी चहा मागवला.

पण आपल्या रागानं त्यांनी दुसऱ्याचं जेवण कधी अडवलं नाही, हे सांगायलाच हवं. जंगलात बंदूकवाले आणि पोलीस यांच्यात धुमश्चक्री वाढली तेव्हा राज्याच्या सीमेपलीकडची काही कुटुंबं सालेकशाकडे आली. शाळेच्या आवारात आम्ही त्यांची सोय केली. त्यांत एका बाईचा नवरा बंदूकवाल्यांनी मारलेला, आणि दुसरीचा मुलगा त्या बंदूकवाल्यांतच गेलेला. पहिली दुसरीच्या हातचं पाणी घेईना. वरून आलेल्या एका तरुण साहेबांनी दोघींना समोरासमोर बसवून समेट करायचं ठरवलं. सिस्टरनी त्यांना बाजूला नेलं. "साहेब, दोन चुली मांडू. भांडण मिटवाले नाही आलो आपण, जेवू घालाले आलो." दोन चुली मांडल्या. ती पहिली बाई जाईपर्यंत दुसरीशी बोलली नाही, पण जेवली. सिस्टर तिला पेज वाढताना म्हणाल्या, "नको बोलू. तुझा हक्क आहे तो." मी शेजारी उभा होतो. माणसाला न बोलण्याचाही हक्क असतो, हे मला तोवर कोणी सांगितलं नव्हतं.

मग ते वर्ष आलं. सेठनं पुलाजवळ, नदीकाठच्या खोलगट जमिनीवर बंगला बांधला होता. स्वस्तात मिळाली म्हणून घेतलेली जमीन. पाऊस थांबेना आणि नदी पुन्हा चढली. संस्थेची मोटर लावलेली रबरी होडी मी चालवत होतो, सिस्टर पुढे बसलेल्या. घराघरांतून माणसं काढत आम्ही पुलाशी आलो. बंगल्याचा तळमजला पाण्यात होता. गच्चीवर सेठ, त्याची सून आणि छोटी नात. मुलगा रायपूरला गेलेला.

होडी कठड्याला लावली. सिस्टर उभ्या राहिल्या. "पोरीले द्या आधी." मुलगी आली. मग सून आली. सेठनं धोतर सावरून एक पाय कठड्यावर टाकला.

"तुम्ही थांबा," सिस्टर म्हणाल्या.

सेठला वाटलं, होडी डळमळतेय. "जगह तो है, सिस्टर."

"आहे."

"मग?"

"मग थांबा."

सेठचा पाय तसाच कठड्यावर. पाऊस त्याच्या टकलावरून ओघळत होता. सिस्टरनी वाकून भिंतीवरची पाण्याची खूण पाहिली, वर आभाळाकडे पाहिलं, मला म्हणाल्या, "पानी गच्चीपर्यंत येत नाही. उतरून राहिलं. मरत नाही हा. चल खेमराज." सून काहीतरी बोलणार होती. तिनं सिस्टरच्या पायाशी बसलेल्या आपल्या मुलीकडे पाहिलं आणि तिला जवळ ओढलं.

त्या दिवशी आम्ही पुलाजवळून कितीतरी फेऱ्या केल्या. दर वेळी तो गच्चीवर दिसायचा. आधी हात हलवायचा, ओरडायचा. मग नुसता उभा. मग बसलेला. डोक्यावर आडोसा म्हणून काही नव्हतं. मी खोटं कशाला सांगू, मला बरं वाटत होतं. मी मोटरचा आवाज मुद्दाम मोठा करत होतो. सिस्टर मात्र प्रत्येक वेळी त्याच्याकडे नीट निरखून बघत, जसं दवाखान्यात पेशंटकडे बघतात.

दिवस मावळायला आला तेव्हा त्या म्हणाल्या, "आता घे त्याले." तो थरथर कापत होता. सिस्टरनी स्वतःच्या हातानं त्याला कोरड्या ब्लँकेटमध्ये गुंडाळलं, नाडी पाहिली, थर्मासमधला चहा त्याच्या तोंडाला लावला. चहाचा घोट घेऊन तो म्हणाला, "मला तुम्ही मुद्दाम ठेवलं."

"हो," सिस्टर म्हणाल्या. "प्या."

सेठच्या मुलानं तक्रार केली. संस्थेच्या मोठ्या ऑफिसातून एक साहेब आले. आदल्या दिवशी मी सिस्टरना म्हणालो, "पेट्रोल संपलं होतं म्हणतो मी. कोण तपासणार?" त्या माझ्यावर कधी चिडल्या नव्हत्या, तेव्हा चिडल्या. "पेट्रोल होतं. तू खोटं बोलला तर मी त्याले ठेवलंच नाही असं होते. माझं काम पुसाले निघाला का तू?"

चौकशी शाळेत झाली. पूरग्रस्त लोक अजून तिथंच राहत होते, त्यामुळे वर्गाच्या खिडक्यांतून निम्मं गाव ऐकत होतं. सेठ शाल पांघरून आला होता. साहेबांनी मऊ आवाजात विचारलं, "सिस्टर, होडीत जागा होती?"

"होती."

"मग यांना का नाही घेतलं?"

"ते मी सांगतो. पण आधी मले सेठले एक विचारू द्या." आणि त्या सेठकडे वळल्या. आमच्याकडे बायकाही 'सांगतो, जातो' असंच म्हणतात, साहेबांना ते नवीन असावं, त्यांनी चमकून पाहिलं. "सेठ, तुम्ही गेट काऊन नाही उघडलं?"

"कोणतं गेट?" सेठ म्हणाला.

खिडकीतून आवाज आला, "मिलचं." माझी मोठी आई होती ती, बाबांच्या त्या गावातल्या थोरल्या चुलत भावाची बायको. साऱ्या जन्मात ती चार पुरुषांसमोर बोललेली मी पाहिली नव्हती. "मी बी होतो बाहेर. माह्या सासऱ्याले खोकला तिथंच लागला, त्यातच गेला तो." मग दुसऱ्या खिडकीतून कोणी म्हणालं, "मी बी होतो." आणखी एक, आणखी एक. साहेब कोणाला गप्प करावं ते न कळून खडूकडे बघत बसले.

"मला माहीत नव्हतं, तुमचं पोर आजारी होतं," सेठ म्हणाला.

"मानसं होती हे तर माहीत होतं ना?"

सेठनं शाल घट्ट ओढली. मग शालीत मान घालून म्हणाला, "आत धान होतं."

बस, एवढंच. एवढ्या वर्षांनी त्यानं तोंडानं सांगितलं.  सिस्टरनी मान डोलावली, जशी एखादी गोष्ट हातात मिळाल्यावर माणूस डोलावतो. मग साहेबांना म्हणाल्या, "आता माझं लिहा. मी त्याले मुद्दाम ठेवलं. मदतीच्या मानसानं असं करू नाही. मी केलं. राजीनामा देतो." सेठच्या मुलानं वकील आणला होता. वकिलाला काही कामच उरलं नाही. त्यानंतर सेठचे सत्कार झाले नाहीत असं नाही, पण हार घालायला माणसं पुढे होईनात. आमच्या बाबांनी त्या हंगामापासून धान गोंदियाच्या दुसऱ्या व्यापाऱ्याला दिलं. भाव कमी मिळाला. 

सिस्टर भावाकडे निघाल्या तेव्हा मी गाडीनं सोडतो म्हणालो. आधी त्यांना कोहमाऱ्याला एका जुन्या मैत्रिणीला भेटायचं होतं. ती तिथल्या हायवेवरच्या एका ढाब्यामागे राहायची. भेट झाल्यावर आम्ही ढाब्यावर चहा घेतला. समोरून ट्रक जात होते. मी विचारलं, "सिस्टर, पस्तावा होतो का?"

"लोक म्हणतात, सूड घेतला का मंग आतून रिकामं होते," त्या म्हणाल्या. "मले नाही झालं. पोट भरल्यासारखं वाटलं." मग कप खाली ठेवला. "म्हणून सोडलं मी काम. साहेबानं ठेवतो म्हटलं होतं, समज देऊन. पण ही चव लागली का वाईट. उद्या होडीत बसलो, तर मी प्रत्येकाच्या तोंडाकडे पाहीन. याले घेऊ का याले ठेवू. तसं मानूस होडीत नाही पाहिजे."

आज ती होडी मी चालवतो. कोणाचं तोंड न बघता हात देतो. कधी कधी अशी माणसं चढतात की हात मागे घ्यावासा वाटतो. घेत नाही.

सिस्टर मागच्या पावसाळ्यानंतर वारल्या. सालेकशाजवळच्या त्यांच्या गावी, मोहाच्या झाडांमागच्या कब्रस्तानात दफन होतं. सेठ त्यांच्या आधीच गेला होता. त्याची सून मात्र आली होती, मुलीला घेऊन, मागे बाजूला उभी. पाळकसाहेब आता म्हातारे झालेत. पुस्तक मिटून ते हिंदी-मराठीत बोलले. सिस्टरनी किती लोकांना जेवू घातलं, किती पुरांत उतरल्या. शेवटी म्हणाले, "आणि जाताना त्यांनी सगळ्यांना, ज्यांनी त्यांचं फार मोठं नुकसान केलं त्यांनाही, क्षमा केली आणि शांतीनं गेल्या."

मी आदल्याच आठवड्यात त्यांना भेटलो होतो. बोलणं मंद झालं होतं, पण विचार लख्ख होते. मी सेठचं नाव काढलं नव्हतं, त्यांनीच काढलं होतं.

मी त्या चर्चच्या मंडळीतला नव्हतो, बोलायचा मला हक्क नव्हता. तरी बोललो. "पाळकसाहेब, नाही केली. मला त्या म्हणाल्या, 'खेमराज, कोनी म्हटलं का मी माफ केलं, तर सांगजो, नाही केलं.'"

सगळे माझ्याकडे वळले. सिस्टरचा भाऊ खाली बघत होता. सेठची सून माझ्याकडे बघत होती आणि तिनं नजर काढली नाही. पाळकसाहेबांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला.

"बरं," ते म्हणाले. "नाही केली."

मग त्यांनी ओंजळभर माती उचलली, आणि आम्ही सगळ्यांनी उचलली.