मातीवर लिंबू पिळलं तेव्हा

मंडळी, दुपारपासून डोक्यात एकच विषय फिरतोय, म्हणून पोरीच्या कॉम्प्युटरवर बसलोय.

घरामागच्या परड्यात उन्हाळी भाजीसाठी वाफे करत होतो. नळाजवळच्या कोपऱ्यात गेली तीन वर्षं गवार लावतोय. उगवते, पिवळी पडते आणि जाते. यंदा शेणखत दुप्पट घातलं.

तेवढ्यात भिंतीपलीकडून शेजारच्या गौराक्का ओरडल्या. सांडपाण्यावरून भांडण झाल्यापासून आमचं बोलणं बंद होतं.

"ओ मास्तर, कितीबी खत घाला, तिथं गवार येत न्हाई!"

"का?"

उत्तर न देता त्या अर्धं लिंबू घेऊन थेट परड्यात आल्या. त्या कोपऱ्यातली मूठभर माती घेतली, वर लिंबू पिळलं. माती चक्क फसफसली! दुसऱ्या वाफ्यातल्या मातीवर पिळलं, तर काहीच नाही.

"शहाबादी फरशी बी चुनखडीचीच, तिच्यावर लिंबू सांडलं की असंच हुतंय की. तुम्ही घर घ्यायच्या आधी हितं चुना भिजवायचा खड्डा हुता. उरलेला चुना तसाच बुजवलाय."

मी गुडघ्यावर बसून उरलेलं लिंबू पिळून बघितलं. परत फेस.

"अक्का, तीन वर्षं बघताय, मग सांगितलं का न्हाई?"

"तुम्ही इचारलं कुठं?"

चहाला थांबा म्हटलं, तर थांबल्या. सांडपाण्याचा विषय शेवटी मीच काढला.

आता सांगा, त्या चुन्याच्या कोपऱ्यात काय येईल? आणि तुमच्या परड्याबद्दल शेजाऱ्यांना काय ठाऊक आहे, कधी विचारलंय?