ह्रस्व इकाराची भेंडी

ईशान, मीरा,

मी जन्मभर शाळेत मराठी आणि इंग्रजी शिकवलं. भुताखेतांचं सोडाच, राशिभविष्यावरही कधी विश्वास ठेवला नाही. तरीही मागच्या मंगळवारी सकाळी अकराच्या सुमारास, परतूरला संगीताच्या मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात जे घडलं, ते जसंच्या तसं लिहून ठेवते.

आजोबा गेल्यापासून त्यांचा फोन मीच वापरते. नवा घे म्हणून तुम्ही मागे लागलात; मी का घेत नव्हते ते आज सांगते. मी बाजारात गेले की आजोबा रोज मला मेसेज करायचे — ‘आज भेंडि नको’. भेंडि... ह्रस्व! किती वेळा दुरुस्त केलं, पण हा माणूस सुधारला नाही. कीबोर्डनेही तेच शिकून घेतलं होतं. मी ‘आज’ लिहिलं की वर यायचं ‘भेंडि’, त्यावर बोट ठेवलं की ‘नको’. त्यांच्याशी तेवढंच बोलणं उरलं होतं.

पण कंपनीचे अपडेट बंद झाले आणि तुमचा व्हिडिओ कॉल लागेना. संगीता माझी जुनी विद्यार्थिनी. ती म्हणाली, “बाई, जुनं समदं पुसून दुसरी फुकटची सिस्टीम टाकू. ओपन सोर्स. फोन पळंल बघा!”

“समदं म्हणजे?”

“फोटो काढून ठेवते. बाकी काहीच न्हाई राहणार.”

तुम्ही की ती भेंडि... दोन दिवस विचार केला. शेवटी तुम्ही जिंकलात.

मंगळवारी दुकानात, बटण दाबण्याआधी, त्या सिस्टीमचं लायसन्स, म्हणजे वापरायच्या अटी, वाचायला घेतलं.

“बाई, काय वाचून राह्यल्या? कुनी वाचत असतंय का ते? खालचं बटन दाबा जल्दी!”

“न वाचता सही करायला शिकवलं होतं का मी तुला?”

“न्हाई शिकवलं... मंग वाचा,” म्हणून तिने चहा मागवला. लायसन्समध्ये एकच गोष्ट पुन्हापुन्हा होती — कशाचीही हमी नाही. मी बटण दाबलं.

अर्ध्या तासाने फोन कोरा करकरीत झाला. नवा कीबोर्ड. सिम संगीताच्या टेबलावर, इंटरनेट बंद, कुठलंही खातं जोडलेलं नाही. मी स्वतः तपासलं. “काहीतरी लिहून बघा,” ती म्हणाली. सवयीने ‘आज’ लिहिलं.

वर आलं — भेंडि.

बोट ठेवलं. नको.

“संगीता, हे तू घातलंस?”

“आईची आन, बाई! म्या तर भेंडी बराबर लिहिते. तुमीच छडी मारून शिकवलं न्हाई का!”

माझ्या पिशवीत तेव्हा पावशेर भेंडी होती. ती संगीतालाच देऊन टाकली. हसून हसून दोघींच्या डोळ्यांत पाणी आलं.

तुमच्या बाबांना विचारलं, संगीताने तिच्या ओळखीच्या चार जणांना विचारलं. कोणालाही सांगता आलं नाही. मलाही नाही.

कॉल आता छान लागतो. आणि कीबोर्डमध्ये चुकीचा शब्द दुरुस्त करायची सोय आहे, संगीताने दाखवली. मी मात्र तो शब्द तसाच ठेवला आहे.

— आजी