बुधवारचं ठिबक

दोन वर्षं मी बीड जिल्ह्यातल्या दिंद्रुडला भाड्याच्या खोलीत राहून पुण्याच्या एका सल्लागार कंपनीचं काम केलं. खुल्या आर्थिक धोरणाचे दिवस होते. ठिबक सिंचनाचे संच विकले जात होते आणि शेतकरी ते वापरतात का, हे बघून मी अहवाल पाठवायचा. सोबतीला कुणी नाही. पुण्यातल्या साहेबांचा आवाज तेवढा आठवड्यातून एकदा एसटीडी बूथवर ऐकायचा.

गावात माणसं नव्हती असं नाही. पण मी हॉटेलात शिरलो की बाकड्यावरच्या गप्पा थांबायच्या. हॉटेलवाला खुर्ची पुसून द्यायचा आणि मी तिच्यावर नवरदेवासारखा ताठ बसून एकटाच चहा प्यायचो. त्या खुर्चीचा मला मनापासून राग होता.

पाहणीचा दिवस बुधवार. मोसंबीच्या बागेत झाडागणिक नळी, थेंब थेंब पाणी. मी 'समाधानकारक' लिहून मोकळा. एका बुधवारी मात्र तापानं झोपलो आणि शुक्रवारी न सांगता गेलो. बागेत पाटानं पाणी चाललं होतं आणि नळ्यांची वेटोळी लिंबाच्या फांदीला टांगलेली होती.

म्हाताऱ्या बागवाल्यानं फावडं बांधाला टेकवलं. मग त्यानं सगळं सांगितलं. क्षारानं छिद्रं बुजतात, नळ्या खारोट्या कुरतडतात आणि दुरुस्तीला बीडशिवाय कुणी नाही. म्हणून मंगळवारी नळ्या अंथरायच्या, वाटेवरच्या चार झाडांजवळची छिद्रं सुईनं मोकळी करायची, गुरुवारी सगळं गुंडाळायचं. साऱ्याच बागांत हेच चाललं होतं.

मला आधी का नाही सांगितलं, असं मी विचारलं.

"तुमी एवढ्या लांबून आलेले, साहेब. तुमाला कावून नाराज करायचं?"

मी चिडलो, पण त्याच्यावर नाही. दोन वर्षं गावानं मला पाहुण्यासारखं सांभाळलं होतं, आणि पाहुण्याला घरातलं खरं कोण सांगतं? तिथंच बांधावर ठरवलं, सल्ला देणं बस झालं, आता दुरुस्ती शिकायची.

खरा अहवाल आणि राजीनामा एकाच पाकिटात घालून पुण्याला धाडला. वडिलांनी, एवढं शिकून नळ्या जोडणार का, म्हणून महिनाभर अबोला धरला. मी ऐकलं नाही. बीडला एका मिस्त्रीच्या हाताखाली तीन महिने काढले, मग दिंद्रुडच्या स्टँडजवळ छोटं दुकान घेतलं. आत बाकडं टाकलं. खुर्ची मुद्दाम ठेवली नाही.

पहिलं काम त्या म्हाताऱ्याच्याच बागेचं केलं. नंतर बरेच दिवस कुणी फिरकलं नाही. चुकलं की काय, असं वाटायचं, तरी सकाळी शटर उघडायचोच.

एके दिवशी म्हातारा तरातरा आला आणि त्यानं ओली नळी माझ्या पुढ्यात आपटली.

"कसली जोडलीस बे ही? म्हैना बी झाला नाही, गळायलीय."

'साहेब' नाही, 'तुमी' नाही; मला फार आनंद झाला. मी बाकड्यावर सरकून त्याला जागा दिली.