धम्मदीपाच्या मागं

नवरात्रात कामरगावची धम्मदीपा स्वतःच्या जीपमधून बायांना एका दिवसात नऊ देव्या दाखवते. कुठल्या देवीच्या ओटीत हिरवाच खण लागतो, कुठं नारळ बाहेरच फोडायचा, सगळं तिला पाठ. गाभाऱ्यापर्यंत पुढं तीच. हात मात्र ती जोडत नाही, कोणी कितीही डोळे वटारले तरी. देवळात जाते म्हणून तिच्या बौद्ध वस्तीतलेही टोमणे मारतात.

यंदा चौथ्या देवळापाशी एक नवी बाई उखडली, "देवीले मानत नाई, मंग इथं येतं कायले?"

धम्मदीपा पायरीवर थांबली.

"याच पायरीवरून माह्या आजीले हाकललं होतं. आता तुमी समद्या माह्या मांगं चढून राह्यल्या. त्याच्यासाठी येते. चला, उचला पाय!"