देवचाराकडे राहिलेले बूट

माझा मामा लवू सत्तावन्न वर्षांचा आहे आणि गेल्या दिवाळीपर्यंत त्याच्याकडे बूट नव्हते. चप्पल होती, ती पण अर्धा वेळ हातात. आमचं धामणखोल गाव दोन डोंगरांच्या मधे आहे. वर कातळाचा सडा, खाली व्हाळाचं पाणी, आणि मामाचे आंबे-काजू उतारावर. आंबा धरला की तो तिथे वांदर हाकलतो. वांदर पुढे, मामा मागे, कातळावरून अनवाणी. कोणी विचारलं, लवू, या वयात एवढो कसो धावतंस, तर म्हणतो, "माझो मास्तर वांदर. फी नाय आणि सुट्टी पण नाय."

मी त्याची भाची, समीक्षा. नववीत शाळा सोडली तेव्हा आई म्हणाली, आता हिचं लग्नच करून टाकू. मामा दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने आमच्या घरी आला, पाणी पण प्यायला नाही. म्हणाला, "चेडू माझ्याकडे येतला. काजू फोडतला, जेवतला, माझ्यावांगडा झगडतला. तुका काय अडचण?" आणि मला घेऊन आला. तेव्हापासून मामाबद्दल कोणी वाकडं बोललं की मी ऐकून घेत नाही. मामी होती तोवर ती मला आवरायची. आता कोण आवरणार?

पण वांदर हे मामाचं खरं काम नाही. त्याचं खरं काम तरंग. तरंग म्हणजे आमच्या देवाची उंच काठी. वर चांदीचा मुखवटा, खाली नेसवलेली लुगडी. ती एकाच माणसाने छातीशी धरून चालायचं. हा मान मामाच्या आज्यापासून त्याच्या घरात आहे. दसऱ्याला तरंग गावात फिरतात, आणि बारा वर्षांनी एकदा देव महाशिवरात्रीला कुणकेश्वरला समुद्रस्नानाला जातो. अठरा किलोमीटर, तीन घाट्या, सगळे अनवाणी. ढोल वाजायला लागला की ते चालणं राहत नाही, धावणंच होतं. मामा गुडघे वाकवून बारीक बारीक पावलं टाकतो. तो म्हणतो, खाली चढ आहे हे वरच्या मुखवट्याला कळता कामा नये.

गेल्या दसऱ्याला देवळाच्या पायऱ्यांवर त्याचा गुडघा लचकला. तरंग कलला. बाजूला सर्वेश होता, त्याने पकडला. काही पडलं नाही, कोणाला लागलं नाही. पण सगळ्या गावाने बघितलं.

दिवाळीनंतर देवळात बैठक झाली. भाई म्हणजे आमच्या गावचे मोठे मानकरी, सत्तरीचे. ते कधी आवाज चढवत नाहीत. हळू बोलतात आणि टोचतात.

"लवू, औंदा देव भायर पडतलो. तीन घाट्यो आसत. तुझो गुडघो ऐकतलो?"

"ऐकतलो."

"दसऱ्याक ऐकूक नाय तो."

मामाने गुडघ्यावरचा हात काढला. भाई म्हणाले, "सर्वेश आसा. तुझ्याच भावकीतलो. तेका दी."

सर्वेश मामाच्या चुलतभावाचा मुलगा. पंचविशीचा, तारकर्लीला पर्यटकांच्या बोटीवर असतो. तो मान खाली घालून म्हणाला, "माझा काय नाय हां भाई. काका म्हणतीत ता."

"माझ्यान जमतला," मामा म्हणाला.

भाई हसले. "जमतला? मगे ते मुंबय-पुण्याचे लोक येतत बघ, कुणकेश्वराक धावाक. एकवीस किलोमीटर, त्योच तीन घाट्यो. जा, धाव तेंच्यात. खंय बसलंस नाय आणि पुरो इलंस, तर तरंग तुझो!"

सगळे हसले. थट्टाच होती. पण मामा हसला नाही. उठला, बाजूच्या टोपलीतला नारळ घेतला आणि देवासमोर ठेवला. पुजाऱ्याने नारळ दिसला की गाऱ्हाणं घालायचं, एवढंच त्याला माहीत. त्याने डोळे मिटून सुरुवात केली. "बा देवा म्हाराजा! हो तुझो लेकरू लवू तीन घाट्यो धावाक जाता हा. तो न बसता पुरो इलो तर तुझो तरंग तेच्याच हातात ऱ्हांव दी रे म्हाराजा!"

आणि सगळी बैठक सवयीने ओरडली, "होय म्हाराजा!" सगळ्यात मोठा आवाज भाईंचा. ओरडून झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं. पण आमच्याकडे गाऱ्हाण्यात एकदा होय म्हटलं की ते मागे घेता येत नाही.

मोबाईलवरून मामाचं नाव मी घातलं. शर्यतीच्या नियमात बूट पाहिजेतच असं लिहिलं होतं, म्हणून कणकवलीला जाऊन बूट घेतले. दुकानदाराने तीन मापं काढली, मामाचा पाय कशातच नीट जाईना. शेवटी एक जोड चढला. मामा दुकानात दोन पावलं चालला आणि म्हणाला, "पाय खंय गेले माझे?"

दोन महिने तो रोज पहाटे ते बूट घालून घाटी चढायचा. मी मागे स्कूटरवर, केळी घेऊन. वाटेत म्हशी बघून थांबायच्या. बाबली म्हणून आमचा शेजारी आहे, तो रोज गेटावरून विचारायचा, "लवू, वांदर मुंबयक गेलो काय रे?"

शर्यत फेब्रुवारीच्या पहिल्या रविवारी होती. आमच्या गावाच्या तीन किलोमीटर मागून निघायचं, गावावरून त्याच तीन घाट्या चढायच्या आणि कुणकेश्वरला समुद्रावर उतरायचं. टेबलावरच्या मुलीने छातीवर लावायचा नंबर दिला आणि वेळ नोंदवणारी एक लहानशी चिप. म्हणाली, बुटाच्या नाडीत अडकवा. मीच वाकून अडकवली. मामाला काय आहे ते सांगितलं नाही. बूट पायात आहेत म्हणजे चिप पण पायातच राहणार, त्यात काय सांगायचं?

मामाच्या बाजूला रंगीत चष्मा लावलेले एक पुण्याचे गृहस्थ होते. त्यांनी विचारलं, "काका, पहिल्यांदाच का?"

"धावूक पयल्यांदाच. हो रस्तो जुनो आसा."

पहिल्या घाटीला निम्मे लोक चालायला लागले. मामा चालला नाही. गुडघे वाकवलेले, बारीक पावलं, दोन्ही हात छातीशी. मोकळे असून मोकळे सोडलेले नाहीत. तो रंगीत चष्मा त्याच्या मागे मागे तसंच करायला बघत होता.

घाटीच्या वर लोक रस्त्याला आले होते. नर्मदाआजी पेला घेऊनच उभी. "लवू, च्या घे रे!"

"बसूचा नाय माका!"

"बसाक कोण सांगता मेल्या? उभ्यान घी!"

मामाने जागच्या जागी पाय हलवत चहा प्यायला, पेला दिला आणि गेला. मी हसून हसून स्कूटर पाडणार होते.

दुसऱ्या घाटीला शर्यतवाल्यांनी गाड्या अडवल्या. मी खालच्या वाडीतून लांबचा फेरा मारला आणि तेराव्या किलोमीटरला, मराठी शाळेच्या तिठ्यावर जाऊन थांबले. मामा आला तो अनवाणी.

"बूट खंय?"

"देवचाराकडे."

"कित्याक?"

"धावतंय मगो मी! मगे इचार!"

आणि गेला. मला कळलं होतं. दुसऱ्या घाटीच्या माथ्यावर वडाचं झाड आहे, त्याला पेड म्हणजे पार बांधलेला. तिथे आमच्या शिवेचा राखणदार, देवचार. तरंग धरणाऱ्या घरातला माणूस त्याच्यासमोरून पायात काही घालून जात नाही. एरवी चप्पल काढतात, चार पावलं चालतात, परत घालतात. पण नाडीचे बूट काढायला जेवढा वेळ लागतो त्याच्या चौपट घालायला लागतो. मामाने ते तिथेच ठेवले. खरं सांगते, मला बरंच वाटलं. अनवाणी मामा हलका दिसत होता. चिप माझ्या डोक्यात पण आली नाही.

शेवटचा उतार उतरून तो समुद्रावर आला तेव्हा वरच्या मोठ्या घड्याळात दोन तास एक्कावन्न मिनिटं झाली होती. मी शिट्टी मारली. मामा बसला नाही. गुडघ्यावर हात ठेवून समुद्राकडे बघत उभा राहिला. बराच वेळ.

मी मेडल आणायला टेबलावर गेले. मुलीने नंबर टाकला, लॅपटॉपकडे बघितलं.

"काकांची नोंद दहा किलोमीटरनंतर नाहीये."

"म्हणजे?"

"चिप शेवटच्या पट्टीवरून गेलीच नाही. चिप कुठाय त्यांची?"

चिप बुटाच्या नाडीत, आणि बूट देवचाराकडे. मग मी भांडले. माणूस समोर उभा आहे, घामाने भिजलेला, आणि तुम्ही चिपेला विचारता काय? हजार माणसांनी बघितलंय. ती मुलगी म्हणाली, "ताई, मला कळतंय. पण नियम आहे, मी काही करू शकत नाही." मी टेबलावर हात आपटला. त्यांचा मोठा माणूस आला. तो रंगीत चष्मेवाला पण येऊन सांगायला लागला की मी यांच्या मागेच होतो. तरी नाही.

मामाने मागून माझा दंड धरला. "आगो गप. तेंका काय म्हायती देवचार? चल, बूट घेवन येवया."

स्कूटरवरून आम्ही घाटीच्या माथ्यावर गेलो. वड होता, पेड होता, देवचाराला कोणीतरी नुकतीच विडी ठेवली होती. बूट नव्हते.

घरी येईपर्यंत मी रडले, शिव्या दिल्या, परत रडले. चूक माझी होती. मामाने आंघोळ केली, पेज जेवला आणि दारातल्या खळ्यात बसून पायातले खडे काढायला लागला. त्याला मी विचारलं, आता भाईंना काय दाखवणार? तो म्हणाला, "दाखवूचा काय? झाला ता सांगायचा."

ऊन उतरल्यावर भाई आले. हातात प्लास्टिकची पिशवी. त्यांनी ती पायरीवर ठेवली, आत मामाचे बूट. नाडीत चिप तशीच.

"सकाळपासून पेडार बसलेलंय," भाई म्हणाले. "घाटयेत सावली थंयच आसा. म्हटला, लवू बसलो तर हंयच बसतलो. बघूया."

"मगे?"

"मगे काय? तू इलंस, उभ्यान वाकान नाडी सोडलंस, हात जोडलंस आणि गेलंस. माझ्याकडे बघूक पण नाय. बूट तसेच टाकून मी कसो उठू? इतके लोक जातत, कोणी उचलल्यान तर? शेवटचो माणूस जायसर राखीत बसलंय. जेवान पण गेला माझा."

मी म्हटलं, "भाई, तेंच्या कागदार मामा पुरो पोचाक नाय."

"कागद कोणी मागलेलो? लवू, तू पुरो इलंस?"

"इलंय."

"खंय बसलंस?"

"नाय."

"मगे आमी होय म्हाराजा म्हटला हा. तरंग तुझो."

मी उडीच मारणार होते. पण मामा खाली बघत होता. पायातला एक खडा त्याने हातात फिरवला.

"भाई, शेवटचो उतार."

"काय झाला?"

"चढाक गुडघो माझो आसा. उताराक नाय. त्या उतारार दोन फेरा लटपटलंय. हात मोकळे होते म्हणान सावरलंय. हातात तरंग आसतो तर..."

"मामा, गप बस ना!" मी ओरडले. मी त्याच्यासाठी अख्ख्या टेबलाशी भांडले होते, आणि हा स्वतःच सगळं घालवत होता.

"समे, तू भांडलंस ता बरा केलंस. पण लटपटलंय ता देवाक कळता."

मग भाईंनी बूट पायरीवर काढून ठेवले, पिशवीची घडी खिशात घातली आणि म्हणाले, "तीन घाट्यो तू. शेवटचो उतार सर्वेश. आणि उतारार तू तेच्या पुढे चालशीत." मामा मान हलवून हो म्हणाला. चहा घेऊन भाई गेले. मीच केला, साखर जास्त घातली.

महाशिवरात्रीला देव निघाला. मामाने पहिली घाटी चढवली, दुसरी चढवली. देवचाराकडे सगळे थांबले, ढोल थांबला. घाम पुसत मामा मागच्यांना म्हणाला, "हंय ऱ्हवलेले माझे बूट," आणि बाबली म्हणाला, "देवचाराक बसाक नाय ते, नायतर परत दिल्यान नसते!" भाई पण हसले. मग तिसरी घाटी.

वर पोचल्यावर समुद्र दिसतो. तिथे मामाने तरंग सर्वेशच्या हातात दिला. त्यानंतर आपल्या हातांचं काय करायचं ते त्याला कळेना. शेवटी त्याने ते पाठीमागे धरले आणि सर्वेशच्या एक पाऊल पुढे उतरायला लागला. गुडघे वाकवून, बारीक बारीक. सर्वेश त्याच्या टाचेकडे बघत होता आणि मामाने जिथे पाय ठेवला तिथेच आपला ठेवत होता.

"काका, बरोबर आसा?"

"बरोबर. समुद्र खंय पळता काय?"

मी बाजूने उतरत मुखवट्याकडे बघत होते. खाली वाळूला पाय लागेपर्यंत तो हलला नाही.