दिल्लीची विहीर

आमच्या नव्या सोसायटीमागच्या गावात ग्रामपंचायतीचा एक शिपाई होता. सुट्टीला शिडाची होडी घेऊन खाडीत जायचा. गावातली प्रत्येक वस्तू तो अनुदानावरून ओळखायचा: शाळेचे पत्रे मुंबईचे, दिव्याचा खांब जिल्ह्याचा. तुर्भ्याहून कामावरून परतताना मी मुद्दाम "हे कुणाचं?" असं विचारायचो. मग तो वस्तूला टिचकी मारून पाहुण्यासारखी तिची ओळख करून द्यायचा.

त्या उन्हाळ्यात त्याने नवी विहीर दाखवली. "ही दिल्लीची हाय. पानी गोडं लागलं." खाडीकाठी हे नवलच. पण वर ना कप्पी ना दोर; बायका रिकामे हंडे घेऊन काठावर उभ्या होत्या.

"दिल्लीनं खनायचं पैसं दिलं, उपसायचं नाय," तो म्हणाला. " ते वेगलं मागायला लागल."

दुसऱ्या संध्याकाळी विहिरीवर कप्पी आणि दोर होता, बायका पाणी ओढत होत्या.

"कप्पी कुणाची?" मी विचारलं.

पहिल्यांदाच त्याने टिचकी मारली नाही. "पानी भेटतंय ना, मंग झालं," म्हणाला आणि सायकलवर बसून निघून गेला.

परतताना त्याच्या दारातली होडी दिसली. डोलकाठीच्या टोकाला शीड चढवायची कप्पी नव्हती, आणि शीड घडी करून वळचणीला ठेवलं होतं.