गुरुवार मागितला म्हणून

त्या हॉस्पिटलनं माझ्या मुलीला फसवलं. जागा देतो म्हणाले, तिचं रक्त काढून घेतलं आणि जागा दुसऱ्याला दिली.

सना तेव्हा पहिलीत होती. दमा असा, की बोलताना वाक्य पुरं व्हायचं नाही. मुलांच्या दम्यावर नवं औषध होतं, ते आधी थोड्या मुलांना देऊन तपासणार होते. मी खोदून खोदून विचारलं. धोका काय, मधेच सोडता येईल का. मग सही केली. रक्त काढून तपासलं, सना पात्र ठरली. तपासणीचा वार रविवार.

मी चाकणला एका कंपनीच्या प्रेस शॉपमध्ये, पत्रा दाबायच्या मशिनीवर होतो. आमच्या कारखान्यांच्या पट्ट्यात सुट्टी गुरुवारची. रविवारी कंपनी चालू. सनाची अम्मी नुकती बाळंत झालेली. पहिल्या रविवारी मी खाडा केला. पुढच्या वेळी सुपरवायझर म्हणाला, "परत खाडा केलास तर येऊच नको." तो रविवार चुकला.

गुरुवारी सनाला कडेवर घेऊन थेरगावहून गेलो. काचेच्या खिडकीमागे चाचणीचं काम बघणाऱ्या मॅडम. म्हटलं, "मॅडम, आम्हाला गुरुवार द्या."

त्यांनी वर पाहिलं नाही. नर्सला म्हणाल्या, "ह्या लोकांना पोरापेक्षा हजेरी मोठी. म्हणून म्हणते, ह्यांना घ्यायचंच नाही." मग मला, "तुमची जागा भरली. पिंपळे सौदागरचे सोसायटीतले पालक आहेत. वेळेवर येतात."

हॉलभर माणसं. कुणीतरी हसलं. सना धापा टाकत कानात म्हणाली, "अब्बा, मग माझं रक्त परत देतील?"

मी काचेवर हात आपटला. वॉचमननं दंडाला धरून बाहेर काढलं. चोराला काढतात तसं. मुलगी कडेवर असताना.

पुढं मी नोकरी सोडली. जुन्या मशिनी घ्यायच्या, विकायच्या. आज थेरगावात माझा शब्द चालतो. म्हणून गेल्या महिन्यात त्याच हॉस्पिटलनं मला बोलावलं. थंडगार खोली. शाल, नारळ. पडद्यावर मोठ्या अक्षरांत: गरीब पालक चाचण्यांपासून दूर का राहतात? खाली उत्तर: अज्ञान, भीती, अंधश्रद्धा, बेफिकिरी.

मॅडम त्याच. आता विभागप्रमुख. मला ओळखलं नाही. "भाऊ, दम्याची नवी चाचणी आहे. तुमच्या वस्तीतली मुलं हवीत. औषध सगळ्या थरांत तपासलं पाहिजे ना."

पाहिजेच. जी पोरं कारखान्यांच्या भट्ट्यांचा धूर ओढतात त्यांना औषध लागू पडतं का, हे बघायलाच हवं. त्यासाठीच तर मी तेव्हा आलो होतो.

"वार कुठला?"

"रविवार. पालकांच्या सोयीसाठी."

"इथं सुट्टी गुरुवारची असते."

शेजारचे डॉक्टर हसले. "माहीत आहे हो. पण गुरुवारी आमचे मोठे डॉक्टर दुसऱ्या हॉस्पिटलला असतात."

माहीत आहे! म्हणजे तेव्हाही माहीत होतं. सोय मोठ्या डॉक्टरांची आणि बेफिकीर आम्ही.

मी सनाचं सगळं सांगितलं. खिडकी, वॉचमन, रक्त. मॅडमचा आवाज एकदम मऊ झाला. "मग तिलाही घेऊ की. तिच्यापुरता वार बघू. बाकीच्यांना तेवढं रविवारी आणा."

सना आता दहावीत आहे. अजून जिन्याच्या वळणावर थांबते. दम लागला म्हणत नाही, मोबाइल बघण्याचं नाटक करते. ते वळण डोळ्यांसमोर आलं आणि हो म्हणावंसं वाटलं. मी सौदे करून खातो. समोरचा नरमला की सौदा पक्का करायचा असतो, हे मला कळतं. पण हा माल काय होता? माझ्या पोरीला जागा, आणि बाकीच्यांची पोरं रविवारी हाकत आणायला मी दलाल. ज्याला रविवारी खाडा परवडणार नाही, तो बाप उद्या परत पडद्यावर. अज्ञान. बेफिकिरी.

"गुरुवार ठेवा, सगळ्यांसाठी. अख्खी वस्ती उभी करतो. नाहीतर सौदा तुटला."

"तुम्ही फार ताणता, राव," डॉक्टर म्हणाले.

शाल खुर्चीवर टाकली. "नारळ तुमच्या रविवारपुढं फोडा," म्हटलं आणि निघालो.

घरी सनाला सांगितलं, तुझी जागा सोडून आलो. ती म्हणाली, "त्या खिडकीपाशी मला घेऊन चला."

येत्या गुरुवारी जातोय. ती, मी आणि वस्तीतले आईबाप, पोरं कडेवर घेऊन. हॉस्पिटलवाल्यांनी वॉचमनला आधीच सांगून ठेवावं. शाल नको, चहा नको. मॅडमनी त्याच खिडकीत उभं राहून, भरल्या हॉलसमोर, सनाच्या तोंडावर सांगावं: तिची जागा कुणाच्या सोयीसाठी काढली?